आतून ठोकळा धरणारा

होडीला फळी ठोकायची तर दोन माणसं लागतात. एक बाहेर, हातोडा घेऊन. दुसरा आत, लोखंडाचा ठोकळा घेऊन. बाहेरचा तांब्याचा खिळा मारतो. खिळा फळीतून आणि तिच्यामागच्या लाकडी फासळीतून आरपार जातो. आतल्याने तिथे ठोकळा दाबून धरलेला असेल तर टोक त्यावर आपटून वळतं आणि लाकडात परत घुसतं. मग ती फळी जन्मात सुटत नाही. ठोकळा धरला नाही तर टोक काट्यासारखं सरळ बाहेर येतं.

दोघं एकमेकांना दिसत नाहीत, आणि हातोड्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. म्हणून खुणा असतात. आतून एक ठोका आला की धरलंय, मार. दोन ठोके म्हणजे झालं, पुढचा घे. तीन ठोके म्हणजे थांब, मी बाहेर येतोय. तीन ऐकले की हातोडा खाली ठेवायचा, मग खिळा अर्धा का राहिना. हे मला वडिलांनी शिकवलं. अक्षरं मी केस पिकल्यावर लेकीकडून शिकलो. तोवर सगळा कारभार कानांवर चालायचा, आणि अजूनही डोळ्यांपेक्षा माझा कानांवर जास्त भरवसा आहे.

माझी लेक कित्येक वर्षं दुसऱ्याच्या होडीवर होती. माणसांना या काठावरून त्या काठावर नेणं हे तिचं काम. मालक थकला आणि होडी विकून मोकळा झाला. बंदर कचेरीने सांगितलं, महिनाअखेरीला जो स्वतःची होडी तपासून पास करून घेईल त्याला फेरीचा परवाना. कुणीच आलं नाही तर पलीकडच्या कंपनीची लाँच लागेल.

लेक म्हणाली, "अप्पा, आजवर दुसऱ्याचं सुकाणू धरलं. एकदा स्वतःचं धरू दे ना."

नवी होडी आमच्या ऐपतीत नव्हती. बंद पडलेल्या कारखान्यामागे चिखलात एक जुनी मोटरहोडी रुतून पडली होती. तिचा मालक म्हणाला, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. लेकीच्या गाठीला होतं त्यात लाकूड आणि खिळे बसत होते, मजुरी बसत नव्हती. म्हणून मजूर मिळाला तो माझा मेहुणा. फुकटचा, पण जेवायला दोघांचं.

होडी पत्र्याच्या शेडमध्ये आणली तेव्हा त्याने तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"दाजी, हिच्यापेक्षा चाळण बरी. तिला निदान कड असते."

"बोलून झालं असेल तर पहार उचल."

"बोलून कसं होईल? आत्ता तर आलोय."

मी दाभण घेऊन फळ्या टोचत गेलो. बहुतेक ठिकाणी ते लोण्यात जावं तसं जायचं. बाजूच्या फळ्या हाताने सोलून निघाल्या. त्यांतले जुने खिळे पाहिले तर सगळ्यांची टोकं एकाच दिशेला, नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे वळलेली. सहसा असं होत नाही. टोक वळायचं तिकडे वळतं.

नाळेवर छत होतं आणि त्याखाली माणूस बसून मावेल एवढी पोकळी. मी बॅटरी घेऊन डोकावलो. इतकी वर्षं चिखलात पडलेली होडी, पण आत कोळिष्टक नव्हतं, उंदराची लेंडी नव्हती. लाकूड कोरडं होतं. एक फासळी मात्र मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती. खुर्चीच्या पाठीला पाठ घासून होते तशी. तिथेच खाली एक लोखंडी ठोकळा पडला होता. त्यावर गंजाचा ठिपका नव्हता.

"चला, ठोकळ्याचा खर्च वाचला," मेहुणा म्हणाला.

फळ्या चढवायला सुरुवात झाली. मेहुणा आत, मी बाहेर. त्याची टोकं चारी दिशांना वळायची, पण वळायची. एके दिवशी दुपारी जेवण झालं, मी जरा पडलो आणि उठून हातोडा घेतला. फळी लावली, खिळा टेकवला. आतून एक ठोका आला. मी मारला. दोन ठोके आले. पुढचा घेतला. काम असं लागलं की माझा हात थांबेना. दुसऱ्या बाजूला माणूस चांगला असला की हातोडा हलका होतो. मी मनात म्हटलं, आज पठ्ठ्या भलताच मन लावून करतोय.

फळी संपत आली तेव्हा मेहुणा शेडच्या दारातून आत आला. डोक्यावर कापसाचं गाठोडं, कपाळावर घाम.

"एकटेच काय ठोकताय दाजी? थांबायचं ना जरा. दुकानदार जेवायला गेलेला, तिष्ठत बसलो तिथे."

मी हातोडा ठेवला आणि आत जाऊन पाहिलं. सगळी टोकं वळली होती. सगळी नाळेकडे.

"वा!" मेहुणा माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला. "आतबाहेर पळत केलंत की काय? या वयात? मग मला कशाला राबवता?"

मी एका टोकावरून बोट फिरवलं.

पुढे त्याच्या तळहाताला खिळा लागला आणि हात सुजला. मग लेक म्हणाली, मी बसते. अंगाने ती काटकुळी, नाळेच्या पोकळीत सहज मावेल अशी. ती आत गेली. थोडे खिळे झाले, आणि आतून तीन ठोके आले. मी हातोडा खाली ठेवला. ती हात पुसत बाहेर आली.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग?"

"मी धरायच्या आतच टोक वळतंय, अप्पा. मी नुसती बसून आहे." तिने मागे वळून होडीकडे पाहिलं. "आणि अंग चोरून बसावं लागतंय. आत जागा नाहीये."

ती घाबरलेली नव्हती. बाकावर शेजारच्याला अडचण होते म्हणून आपण उठतो ना, तशी उठून आली होती. "तुम्ही ठोका. मी इंजिनाचं बघते," म्हणाली, आणि गेली.

तिथून पुढे मी एकटाच ठोकत गेलो. आत कोण आहे ते बघायला गेलो नाही. महिना संपत आला होता आणि काम होत होतं. फार चांगलं होत होतं. आयुष्यात मी बऱ्याच माणसांसमोर हातोडा चालवला, पण असा हात नाही भेटला. एक ठोका, घाव, दोन ठोके. मेहुणा फटींत कापूस भरत होता, वरून डांबर ओतत होता. शेडमध्ये डांबराचा आणि ताज्या भुशाचा वास कोंदला होता. त्याने मला एकदाही विचारलं नाही की आत कोण आहे. बडबड मात्र कमी झाली होती त्याची.

घोळ केला तोही त्यानेच, आणि तोही मदत म्हणून. नियम असा की नाळेची पोकळी पडदी घालून पक्की बंद हवी, म्हणजे होडीत पाणी भरलं तरी ती बुडत नाही. पडदी सगळ्यात शेवटी बसवायची असते. आधी शेवटची फळी, मग आतला माणूस बाहेर, मग पडदी. तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये आलो तर मेहुणा सुजलेला हात गळ्यात बांधून हसत उभा.

"दाजी, पडदी बसवली. सरस लावून, खिळे मारून. एका हाताने. आता बोला!"

"आणि शेवटची फळी?"

तो होडीकडे बघायला लागला. नाळेच्या बाजूला एक फट तशीच उघडी होती, कडेने माणूस कसाबसा निघेल एवढी. त्याचं हसू हळूहळू उतरलं.

पडदी उचकटली असती तर फुटली असती, आणि दुसरीला लाकूडही नव्हतं, वेळही नव्हता. लेक आली, तिने पाहिलं. मामाला ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "अप्पा, उद्या सकाळी साहेब येणार."

मी दोघांना बाहेर पाठवलं. फळी हातात घेतली, पण लगेच लावली नाही. बाहेरच्याने खूण द्यायची पद्धत नाही, तरी मी हातोड्याने होडीवर तीन ठोके दिले, आणि फटीपासून लांब जाऊन बसलो. चहा गार होईपर्यंत बसलो. शेडमध्ये काही हललं नाही.

मग उठून फळी लावली. खिळा टेकवला.

आतून एक ठोका आला.

मी मारला. फळी संपेपर्यंत मारत गेलो. शेवटच्या खिळ्यानंतर दोन ठोके आले, नेहमीसारखे. पुढचा घे. पुढचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात उतरवली. एक थेंब आत आला नाही. तपासनीस साहेब फिरून फिरून बघत होते. म्हणाले, "नाळ जरा जड आहे. पुढे एखादा माणूस बसल्यासारखी झुकते." मेहुण्याने वाळूचं एक पोतं मागच्या टोकाला नेऊन ठेवलं. साहेबांनी पडदीवर बोटाने टकटक केली. आतून एक ठोका आला.

"आत काही सुटं राहिलंय का?"

"नवं लाकूड आहे साहेब," लेक म्हणाली. "बसतंय अजून."

त्यांनी पास केली.

वर्ष गेलं. होडी चांगली चालली. लेकीने घराला रंग दिला, मेहुण्याला नवे बूट घेतले. कधी वारा असला, लाटा वाजायला लागल्या, की पुढून एक ठोका यायचा, असं ती सांगायची. धरलंय. "बरं वाटतं हो अप्पा," म्हणायची.

मग एका दुपारी ती अवेळी घरी आली. माणसं काठाला उतरवून, पुढच्या फेऱ्या बंद ठेवून.

"आज तीन आले."

होडी उतारावर ओढून घेतली. नाळेजवळच्या शेवटच्या फळीवरून मी हात फिरवला. खिळ्यांची डोकी बाहेर आली होती. सगळी सारखीच, नखाएवढी, एका ओळीत. आता लाकडाला पैसे होते. पडदी उचकटली. आत कुणी नव्हतं. कोरडं, झाडून ठेवल्यासारखं. ठोकळा फासळीला टेकवून नीट ठेवलेला. आणि त्या फळीतल्या खिळ्यांची वळलेली टोकं कुणीतरी एकेक करून सरळ केली होती.

"गेलं असेल," लेक म्हणाली.

"गेलं असेल," मी म्हणालो.

पण होडी सकाळी पाण्यात हवी होती, म्हणजे ती फळी आजच परत ठोकायला हवी. मेहुण्याचं पोट त्या पोकळीत मावणार नव्हतं, आणि लेकीचा हात हातोड्यावर माझ्यापेक्षा ताजा. म्हणून यावेळी आत मी गेलो. पडदी नव्हती, पाठीमागे उजेड होता. जागा भरपूर होती. पाय पसरता येत होते. पाठ टेकली तर फासळीच्या खोलगट जागी बरोबर बसली. ठोकळा उचलला. तो कोमट होता, हातात धरून ठेवलेल्या वस्तूसारखा.

मी एक ठोका दिला. लेकीने घाव घातला. टोक वळलं. मी दोन दिले.

सगळं नीट झालं. शेवटचा खिळा वळला, मी दोन ठोके दिले, ठोकळा मांडीवर ठेवला आणि जरा दम घेतला.

बाहेरून लेकीचा आवाज आला.

"ऐकले, अप्पा, तिन्ही ऐकले. ठेवला हातोडा. या बाहेर."

ठोकळा माझ्या मांडीवरच होता.

मी बाहेर आलो. नवी पडदी बसली. होडी आता पाण्यावर सपाट असते, वाळूचं पोतं काढून टाकलं. पुढून काही आवाज येत नाही. लेकीचं काम उत्तम चाललंय, आणि मला तेवढंच हवं होतं.

परवा संध्याकाळी मेहुणा घरी आला. मी ओट्यावरच्या बाकावर एका टोकाला बसलो होतो. तीन माणसं ऐसपैस बसतील असा तो बाक, मीच केलेला. मेहुणा नवे बूट काढून समोर उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

"अरे, बस की," मी म्हणालो.

त्याने बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जागा कुठंय, दाजी?" तो म्हणाला, आणि पायरीवर बसला.