सहावी पायरी

मी पेडण्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत फळमाश्या पाळते. सासूबाई शेजारणींना सांगतात, "आमची गौरवी माश्यो मारता." मारत नाही हो, वाढवते! माशीच्या अंड्यात गर्भाचा मज्जारज्जू तयार होतो, तो अगदी शिडीसारखा. दोन उभे दोर, मध्ये पायऱ्या. एक जनुक मज्जातंतूंना या बाजूकडून त्या बाजूला जायला वाट देतं. ते बिघडलं की पायऱ्या होत नाहीत. त्या जनुकावरच माझं काम चालतं.

एप्रिलमध्ये द्राक्षाचा रस संपला. अंडी घालायला माश्यांना रसाची जेली लागते. पार्से गावात आमच्या भाटात, म्हणजे बागेत, काजूची बोंडं तुडवून झाली होती आणि मोसमातला पहिला निरो, बोंडांचा ताजा गोड रस, मडक्यात ठिबकत होता. आमच्यात पहिला निरो राखणदाराच्या दगडावर ओततात, मगच घरात घेतात. म्हटलं, देवाला कसली आलीय घाई? बाटली भरून घेतली. वर पेलाभर उभ्या उभ्या पिऊन टाकला. मला चौथा महिना होता; डोहाळे काय कुणाचं ऐकतात?

निरोच्या जेलीवरच्या एकाही गर्भाला सहावी पायरी नव्हती.

जनुक तपासलं, धड होतं. रसायनं बदलली. द्राक्षाचा नवा रस आणला, तर त्यावरच्या शिड्या पूर्ण आल्या. निरोवर पुन्हा तेच. सव्वादोनशे गर्भ पाहिले, प्रत्येकात पाचव्यानंतर मोकळी जागा आणि मग थेट सातवी. 

शेवटी सासऱ्यांना सांगितलं. शिवदासबाबांनी एवढंच विचारलं,

"पयलो निरो तुवें घेतलो?"

"माश्यांसाठी, बाबा."

"आनी खंय वापरलो?"

"नाही."

प्यायले हे सांगायची शिकलेल्या सुनेला लाज वाटली, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी त्यांनी दगडापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "म्हाराजा, पोरीन चुकून तुझो निरो माश्यांक घातलो. तां सांभाळून घे." "होय म्हाराजा," मीही म्हटलं.

फ्रीजरमधल्या त्याच बाटलीतल्या निरोवर पुढच्या आठवड्यात सगळ्या शिड्या पूर्ण आल्या. मी एकटीच हसले, मोठ्याने.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीला गेले. डोकं ठीक, हृदय ठीक.

"आता पाठीचा कणा बघू," डॉक्टर म्हणाल्या आणि एकेक मणका पुटपुटत मोजू लागल्या.

मोजता मोजता थांबल्या.

"जरा कुशीवर वळा."

पुन्हा पहिल्यापासून.

बाहेर बाकावर बाबा बसले होते. बाबा, मी प्यायले होते, असं ओरडावंसं वाटलं. 

खोलीत काजूच्या बोंडांचा वास येत होता.

डॉक्टर तिसऱ्यांदा मोजत होत्या. तिसऱ्यांदाही त्या पाचवर थांबल्या.