खडूची पावलं

धाकट्या जावेची एक खोड मला कधीच आवडली नाही. उघडं दार दिसलं की बाईसाहेब आत शिरल्याच. कुणाचं घर, विचारणं नाही, साधं खाकरणं नाही.

त्या खोडीपायी घडलं ते सांगते. पटलं तर घ्या. मी तिथे होते, आणि खोटं बोलायची मला हौस नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारचे चार. टेकडीच्या माथ्यावर चित्रकारांची जुनी वस्ती आहे, ती बघायला आम्ही दोघी चढत होतो. दगडी पायऱ्या, अरुंद गल्ल्या, दारोदार रंगांचा वास. माझे गुडघे बोलायला लागले. मी पायरीवर टेकले.

"ताई, तुम्ही बसा. एवढं घर बघून आलेच."

"लवकर ये. नाहीतर सोडून जाईन."

समोरचं दार उघडंच होतं. ती जिना चढून गेली.

वर काय झालं ते तिच्याच तोंडून कळलं. एकच मोठी खोली. मधोमध ईझलवर कॅनव्हास. मागे उभ्या माणसाचे कॅनव्हासखालून नुसते बूट दिसत होते. कोळशाची कांडी खरखरत होती.

जमिनीवर खडूने दोन पावलं आखलेली. त्याचा अर्थ खालच्याच गल्लीत एका चित्रकाराने सांगितला होता. समोर उभं केलेलं माणूस पाय मोकळे करायला गेलं, तर परत नेमकं तिथेच उभं राहावं, म्हणून ही खूण.

हिने काय करावं? चपला काढल्या आणि त्यात पाय ठेवले.

बरोब्बर बसले... बोटाचा फरक नाही.

खरखर थांबली.

"आलीस? आता हलू नकोस."

'अहो, मी नुसती बघायला...' असं ती म्हणणार होती. ओठ हलेनात.

खरखर पुन्हा सुरू झाली... भराभर.

आधी हात आपले वाटेनासे झाले. मग पोरांची नावं आठवेनात.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली... अनवाणी, सावकाश.

उंबऱ्याशी थांबली.

तिथे कुणीच नव्हतं.

"तू सुटलीस," कॅनव्हासमागून तो दाराच्या दिशेने म्हणाला. "ही आली आहे."

मी तर दारासमोरच बसले होते. आत कुणी गेलं नाही, शपथेवर सांगते. उशीर झाला म्हणून मी खालून ओरडले, "अगं ए भवाने, मुक्काम ठोकलास की काय?"

माझा आवाज ऐकला आणि तिचा पाय सुटला, असं ती सांगते.

खाली आली ती चुन्यासारखी पांढरी. चपला हातात. मी घालायला लावल्या, आणि त्या माणसाला चार शब्द सुनवायला स्वतः वर गेले.

खोली रिकामी. ईझल नाही, खडू नाही. वीतभर धूळ...

धुळीत हिची पावलं होती. आत जाणारी. बाहेर येणारं एकही नाही.

उतरताना मी पुढे, ती मागे. पायात चपला होत्या, मी वळून दोनदा बघितल्या.

आवाज मात्र अनवाणी पावलांचा येत होता.

पोरांची नावं विचारली. दोन्ही सांगितली... कुणी पढवल्यासारखी.

वर्ष झालं. घरभर अजून तोच आवाज फिरतो. परवा मी तिला तोंडावर सांगितलं,

"आलीस ती तूच, असं मी धरून चालते. पण यापुढे माझ्या मागून चालायचं नाही. पुढे हो."