तहानेने आलेली तीती

कासिमिराने आढ्याला बांधलेले गाठोडे सोडले, तेव्हा तिच्या मनात सणाच्या तयारीखेरीज दुसरे काही नव्हते. कळपातल्या लामांच्या, म्हणजे लांब मानेच्या लोकरी जनावरांच्या, कानांत रंगीत लोकरीचे गोंडे ओवण्याचा सण नऊ दिवसांवर आला होता. गाठोड्यातली तीती काढून उन्हात झटकायची, एवढेच त्या सकाळचे काम. तिने फडके उलगडले. कातडे बोटांखाली फाटले, कसरीने पोखरलेली शेपटी गळून पडली, आणि पोटातले चाळीस वर्षांचे वाळके गवत तिच्या मांडीवर सांडले.

तीती म्हणजे अँडीजच्या माथ्यावरची डोंगरमांजर. अंग राखी, त्यावर तपकिरी ठिपके, आणि शेपटी जवळजवळ अंगाएवढी लांब, कड्याकड्यांची. उमापाल्का गावात गवत भरलेले तिचे कातडे घराची बरकत मानतात. सणाच्या दिवशी विणलेल्या कापडावर तिला मांडतात, तिच्यापुढे कोकाची पाने ठेवतात, आणि मगच कळपाला हात लावतात. मात्र तीतीची शिकार करीत नाहीत. ती आपण होऊन माणसासमोर येऊन उभी राहिली, तर डोंगराने दिली असे समजून तिला घ्यावे. जी आपण होऊन आली नाही, तिला घेणे म्हणजे डोंगराच्या घरची चोरी. हा नियम गावात सर्वांना तोंडपाठ होता. तोंडपाठ नियम मोडताना माणसाला फारसे अडखळायला होत नाही.

कासिमिराच्या सासऱ्याला ही तीती मिळाली, तेव्हा पाणथळ चर्चच्या पायरीपासून तांबड्या कड्यापर्यंत हिरवीगार होती आणि घरी दोनशे लामा होते. पुढे खाणीची कंपनी आली. डोंगरातले पाणी नळांनी न्यायला गावाने संमती दिली. त्या कागदावर कासिमिराच्या दिवंगत नवऱ्याचाही अंगठा होता. मोबदल्यात चर्चला नवे पत्रे मिळाले. नंतरच्या तीस वर्षांत पाणथळ कडेकडेने वाळत गेली. पाऊल रुतावे अशी मऊ शेवाळाची गादी राखेसारखी भुसभुशीत झाली. आता कड्याच्या पायथ्याशी खळ्याएवढा ओलावा उरला होता, आणि कळपात एकवीस लामा. कळप संपला की डोंगर सोडायचा, आणि शहरात परक्याच्या मागच्या खोलीत डोळे मिटायचे, हे कासिमिरा जाणून होती.

तिने मुलाला तीती आण असे सांगितले नाही. जेवताना एवढेच म्हणाली की फाटक्या तीतीपुढे सण करण्यापेक्षा न केलेला बरा. मुलगा एलेउतेरियो मान खाली घालून जेवत राहिला. तो कंपनीचा टँकर चालवी. खाणीच्या रस्त्यावर धूळ उडू नये म्हणून दिवसभर पाणी शिंपडणे, हे त्याचे काम होते.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने अंगणात पोते ठेवले. आत तीती होती. डोके एका बाजूने चेपलेले, डोळे उघडे.

“आपण होऊन आली?” कासिमिराने विचारले.

“आपण होऊन. समोर उभी राहिली, आई. पळाली पण नाही.”

सून बेनिता दारात बसून चार महिन्यांच्या साबिनाला पाजत होती. ती म्हणाली, “तुमच्यासमोर कळपातली लामा उभी राहत नाही, आणि ही राहिली!” कासिमिराला हसू आले. एलेउतेरियो हसला नाही.

कातडे सोलण्याचे काम घरातल्या वडीलधाऱ्याचे. कासिमिरा सुरी घेऊन उन्हात बसली. मांजर इतके रोड होते की फासळ्या कातड्यातून मोजता येत होत्या, आणि पोटात अन्नाचा कणही नव्हता. मग तिचे बोट पोटाखालच्या लवेत गेले. तिथली लव चिकट होती. तिने अंगठ्याने दाबले, आणि स्तनातून दूध आले. पातळ, पण कोमट. मरून अर्धा दिवस झालेल्या देहातून कोमट दूध आले.

तिचा हात थांबला. तिने मुलाला पिल्लांविषयी विचारले. तो म्हणाला, शोधली, कुठे नव्हती. त्याचे डोळे जमिनीवर होते. तांबडा कडा घरापासून दोन तासांच्या वाटेवर होता, आणि दिवस अजून पुष्कळ उरला होता. पण सण जवळ आला होता, आणि कातडे त्याच दिवशी वाळत घातले नाही तर आखडते. कासिमिराने क्रूसाची खूण केली. पाच दिवसांत सुकलेल्या कातड्यात गवत भरून तिने पोट शिवून टाकले. टाके बारीक आणि सरळ घातले. देवाने माणसाला डोळे दिले आहेत. ते मिटण्याची मुभाही दिली आहे, आणि तिचा हिशोब तो स्वतः ठेवतो.

सण ऐन दुपारी झाला. दीर मेल्चोर प्रार्थना म्हणायला बसला. त्याने आधी आकाशातल्या बापाचे नाव घेतले, मग पायाखालच्या धरणीमातेचे, आणि तीतीच्या पाठीवर हात ठेवला. प्रार्थना मध्येच थांबली.

“वहिनी, हिला चुलीपाशी ठेवली होती का?”

“उन्हात होती, भाऊजी.”

मेल्चोरने आभाळाकडे पाहिले. सकाळपासून ढग होते. त्याने हात काढून घेतला आणि उरलेली प्रार्थना हात मांडीवर ठेवूनच पुरी केली. गोंडे बांधून झाले, दारू शिंपडून झाली. जेवायला मात्र तो थांबला नाही.

दुसऱ्या सकाळी एका व्यालेल्या लामेची कास रिकामी होती. तिसऱ्या सकाळी आणखी तिघींच्या. कासा नुसत्या आटल्या नव्हत्या, सडांभोवती बारीक, ताजे ओरखडे होते. पाड्या उभ्या जागी थरथरत, आयांना ढुशा देत, आणि संध्याकाळपर्यंत खाली बसत, त्या पुन्हा उठत नसत. दोन मेल्या. कोल्हा म्हणावे तर कुंपणाच्या दगडांवर केसही नव्हता. कासिमिराने आढ्यावरून गाठोडे उतरवले, कशासाठी ते तिचे तिलाच कळले नाही. फडके सोडले आणि ती मागे सरली. गवत भरलेल्या त्या कातड्याच्या पोटाखाली लव ओली होती. चोखल्यावर जशी होते तशी, चार जागी, गोल गोल चिकटलेली. दुधाचा ऊबदार वास येत होता...

त्याच सकाळी बेनिता आतून बाहेर आली. शालीखाली धरलेली साबिना रडून रडून निळी पडली होती. सून सासूशी एरवी तोऱ्याने बोलत असे. आज तो तोरा नव्हता.

“आई... मला दूध नाही.”

तिने शाल बाजूला केली. छाती सपाट होती, आणि तिच्यावर तेच बारीक ओरखडे होते.

कासिमिराने टँकर घेऊन निघालेल्या मुलाला रस्त्यातच अडवले. या वेळी तिने काही विचारले नाही. नुसती समोर उभी राहिली. एलेउतेरियोने इंजिन बंद केले आणि स्टीअरिंगवर डोके टेकले. मग त्याने सांगून टाकले. दोन दिवस तो त्या खळ्याएवढ्या ओलाव्यापाशी खडकाआड हातात दगड घेऊन बसून होता. दुसरे पाणीच उरले नाही, तेव्हा तीतीला तिथे यावेच लागणार, हे त्याला माहीत होते.

“तिनं मला पाहिलं होतं, आई. पाहूनसुद्धा पीतच राहिली.”

“मग आपण होऊन कशी रे आली ती?” कासिमिरा म्हणाली. “तहानेनं आली.”

मागच्या टाकीतले पाणी ठिबकत होते. त्या थेंबांचा आवाज दोघांनीही ऐकला.

ती एकटी कड्याकडे निघाली, पाठीवरच्या कापडात तीती घेऊन. लहान मूल नेतात तशीच ती बांधली होती. वाटभर तिने मागे हात नेला नाही. पाठीला ऊब लागत होती, ती कशाची याचा विचारही केला नाही. जुन्या पाणथळीवरून चालताना पायाखाली पांढरी धूळ उडत होती. कड्याच्या तिसऱ्या कपारीत तिला पिल्ले सापडली. दोन होती. मरून फार दिवस झाले होते, डोंगरावरच्या थंड वाऱ्याने वाळून ती कातड्यासारखी कडक झाली होती, डोळ्यांच्या जागी खळगे होते. पण पोटे टम्म फुगलेली होती. ओठांवर दूध होते. तिने बोट लावले. दूध ताजे होते.

कासिमिरा गुडघ्यांवर बसली. तिने तीतीच्या पोटाचे टाके दातांनी तोडले, गवत उपसून टाकले, आणि त्या रिकाम्या कातड्यात दोन्ही पिल्ले ठेवून तिघांना ओलाव्याच्या काठी पुरले. क्षमा मागताना तिने नवऱ्याच्या अंगठ्याचे नाव घेतले, मुलाच्या दगडाचे घेतले, आणि शेवटी आपल्या सुईचे घेतले. सबब एकही सांगितली नाही. मन हलके झाले. तिला वाटले, ऐकले गेले.

उन्हे कलताना ती घरी पोचली. घरात रडणे ऐकू येत नव्हते, आणि तिने देवाचे आभार मानले. बेनिता भिंतीला टेकून बसली होती. साबिना झोपली होती. तिचे गाल भरलेले होते, पोट गोल होते.

“आलं ना दूध?” कासिमिराने हळूच विचारले.

बेनिताने मान हलवली. नाही. दुपारी जरा डोळा लागला होता, ती म्हणाली. उठले तर ही अशी... शांत. तिला भूकच नाही, आई.

कासिमिराने मुलीला उचलले. टाळूवरची लव ओली होती, आणि सगळी एका दिशेला नीट चाटून बसवल्यासारखी. तिने मान उजेडाकडे वळवली. मागे, केसांच्या खाली, चार बारीक खळगे होते, दोन वर, दोन खाली. मांजर पिल्लू हलवायचे असले की त्याला तिथेच धरते.

रक्त आले नव्हते. फार जपून धरले होते.