बंद केलेले आवाज

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारची जेवणं आटोपली की, ताई आणि तिचा भाऊ छोट्या, दोघं बदलांची नोंद लिहायला बसत. काम तसं रूक्षच. इस्पितळांच्या टेलिफोन कक्षात बसणारे अंध ऑपरेटर संगणक कानाने वाचतात. पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारा तो आवाज म्हणजे स्क्रीन रीडर. पण फोन जोडायचा प्रोग्राम पडला अडेलतट्टू, त्यातलं निम्मं त्या आवाजाच्या हाती लागत नसे. ते लागावं म्हणून छोट्या त्याला जोडायचे तुकडे, म्हणजे स्क्रिप्ट, लिहायचा, आणि दर सुधारणेबरोबर एक पानभर नोंद पाठवायचा: नवीन काय, दुरुस्त काय, कोणते नकोसे आवाज बंद केले. दोनशेबारा ऑपरेटर ती नोंद ऐकूनच कामाला बसत.

ताई स्वतः जन्मांध. वीस वर्षं टेलिफोन कक्षात काढून आता ती घरीच स्क्रिप्ट तपासायची, मॉनिटर बंद ठेवून. जिन्यात कोण चढतंय, नळ कुठे ठिबकतोय, तिच्या कानातून काही सुटत नसे. आईवडिलांमागे तिनेच भावाला वाढवलं होतं. त्याची चाळिशी उलटली, केस पिकले, तरी तो छोट्याच राहिला होता.

तिचा एक हट्ट होता. नोंद आधी, स्क्रिप्ट मागून. "लिहिलं की करावं लागतं," ती म्हणे. "नाहीतर तू आहेसच, आज करतो, उद्या करतो." दुपारी नोंदीत आलेली ओळ संध्याकाळपर्यंत खरी झालीच पाहिजे, हा घरचा कायदा होता. आजवर तो मोडला नव्हता.

त्या शुक्रवारी नोंद रवाना झाली आणि ताई आपल्याकडे आलेली प्रत ऐकायला लागली. 'बंद केलेले आवाज' या भागात स्क्रीन रीडर एक ओळ जास्तीची बोलला. 'भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक.'

"प्रोग्रामात घड्याळ कुठून काढलंस रे?"

"मी नाही लिहिलं."

"मग मी लिहिलं वाटतं! हसतील आता दोनशेबारा जण." ती स्वतःच हसली. मग मान तिरकी करून म्हणाली, "सेल संपला का रे घड्याळातला?"

छोट्याने वर पाहिलं. घड्याळ चालू होतं. टिकटिक त्याला स्वच्छ ऐकू येत होती.

त्याने एका जुन्या ऑपरेटरला फोन लावून त्याची नोंद वाचून घेतली. त्या प्रतीत घड्याळ नव्हतं. आणखी दोघांना विचारलं. त्यांच्याकडेही नव्हतं.

पुढच्या महिन्यात त्याने नोंद तीनदा तपासली. ताईच्या प्रतीत ओळ निघालीच: 'जिन्यातली पावलं.' दुसऱ्या दिवशी पोस्टमन दारात येऊन बोलला तेव्हा ताई एवढी दचकली की हातातला कप फुटला. छोट्या तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासून कागद पुढे केला. "लहान मुलाचे कान आहेत यांचे. माझ्यापेक्षा जास्त ऐकतात."

घरी आल्या आल्या त्याने दुरुस्तीची नोंद धाडली. 'जिन्यातली पावलं पुन्हा सुरू.' ती दोनशेबारा जणांना पोचली, त्यातल्या चौघांनी ही काय थट्टा म्हणून विचारलंही. ताईच्या प्रतीत तेवढी एकच ओळ नव्हती.

तिसऱ्या महिन्यात 'वाहतं पाणी' गेलं. तो बाजारातून परतला तेव्हा स्वयंपाकघरात घोटाभर पाणी साचलं होतं आणि ताई त्या पाण्यात उभी होती, भिंतीला हात लावून.

"नळ मीच सोडला होता," ती म्हणाली. "छोट्या, माझं घर लहान होत चाललंय रे."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला घाबरलेलं पाहिलं. त्याच्या पाचावर धारण बसली, पण तिला तो एवढंच म्हणाला, "आता नोंद लिहायचीच नाही. जाऊ दे ते काम खड्ड्यात."

चौथ्या महिन्यात त्याने खरोखरच एक अक्षर लिहिलं नाही. शेवटच्या शुक्रवारी तो भांडी पुसत होता आणि ताई खिडकीपाशी संगणकासमोर बसली होती. भर दुपार होती, पण आभाळ भरून आलेलं, म्हणून त्याने दिवा लावला.

"नोंद आली बघ," ताई म्हणाली.

हातातलं ताट तसंच ठेवून तो धावला. त्याने मॉनिटर चालू केला.

पानावर एकच ओळ होती.

'बंद केलेले आवाज: छोट्या.'

"ताई!"

ती पडद्याकडे तोंड करून बसून राहिली.

"छोट्या? आहेस ना रे?"

तो ओरडला. शेजारच्यांनी खिडकी उघडली. ताईची मान हलली, ती त्या खिडकीच्या आवाजाकडे.

त्याने तिचा हात धरला. तिने चाचपडत त्याचा चेहरा शोधला, बोटं ओठांवर ठेवली. ओठ हलत होते.

"बोलतोयस?" तिचा आवाज चिरकला. "मोठ्याने बोल ना. असा छळू नको रे मला."

मग त्याला सुचलं. संगणकाचा आवाज तर तिला येतोय! त्याने कीबोर्ड पुढे ओढला आणि टाइप केलं: 'ताई, मी इथेच आहे.' अक्षरं पडद्यावर उमटली, काळी, ठळक. त्याने ओळ वाचायचं बटण दाबलं.

ज्या ओळीत काहीच नसतं तिला स्क्रीन रीडर एकाच शब्दात उरकतो.

"कोरी."

त्याने खाली दुसरी ओळ लिहिली. तिसरी लिहिली.

"कोरी. कोरी."

त्याच्या चालत्या बोटांवर ताईने आपला हात ठेवला.

"नुसती बटणं काय दाबतोस," ती म्हणाली. "लिही ना काहीतरी."