उलटी गल्ली

"अरे, दार लाव आधी. सगळा उजेड आत येतोय," रेघोटी म्हणाली.

पेंगुळने मागचं दार ओढून घेतलं आणि रेघोटीच्या आजोबांच्या सायकलच्या बंद पडलेल्या दुकानात मिट्ट काळोख झाला. रेघोटी, तिचा भाऊ आणि पेंगुळ, तिघं मांडी घालून पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून बसले. पुढच्या लोखंडी शटरला खिळ्याएवढं एक भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप आत येत होती. थोडा वेळ काहीच दिसेना. मग डोळे काळोखाला सरावले आणि भिंतीवर हळूहळू अख्खी गल्ली उमटली.

उलटी! आकाश खाली, रस्ता वर. निळं आकाश जमिनीलगत सांडलेलं, घरांची छपरं त्यात बुडालेली. एक सायकलवाला डोकं खाली करून वरच्या वर निघून गेला. दोरीवरचे कपडे खालून वर लोंबत होते आणि वाऱ्याने हलतही होते. आवाज मात्र कशाचाच नाही. इतके दिवस बघत होते, तरी रेघोटीच्या अंगावर दर वेळी काटा यायचा. एवढ्याशा भोकातून एवढी मोठी गल्ली आत येते, येताना कोलांटी उडी मारते आणि त्यासाठी कुणी दमडीही मागत नाही, हे तिला अजून खरं वाटत नव्हतं.

पैशांचं म्हणाल, तर यंदा सुट्टी तशी कोरडीच होती. शाळेतली मुलं कुणी फिरायला गेली, कुणी पोहायच्या क्लासला. या तिघांच्या घरून मात्र एकच उत्तर आलं होतं: या वर्षी खर्च नको. तेव्हा रेघोटीच्या मोठ्या भावाने कायदाच करून टाकला, की सुट्टीत मजा करायची ती फुकट, नाहीतर करायचीच नाही. हा भाऊ घरात पोळी जास्त भाजली तरी दोन्ही बाजू मांडायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. रेघोटीचं नाव कशामुळे पडलं ते सांगायला नको. हातात खडू असो वा काडी, ती रेघा ओढत सुटायची. आणि शेजारचा पेंगुळ जागा मिळेल तिथे झोपायचा. हे चित्रही त्यालाच सापडलं होतं. थंड जागा बघून दुकानात आडवा झाला, डोळा उघडला तर भिंतीवर गल्ली उलटी टांगलेली. भूत भूत करत पळाला होता बिचारा.

रेघोटीने खडू घेतला. चित्रातली एकेक वस्तू ती भिंतीवर गिरवत आली होती. विजेचा खांब, पाण्याची टाकी, समोरची खिडकी आणि गल्लीच्या एका कडेला उभी असलेली, पाडलेल्या जुन्या गोदामाची तेवढीच उरलेली उंच विटांची भिंत. त्या भिंतीच्या सावलीत आजोबा आणि शिंपीकाका रोज दुपारी बुद्धिबळ खेळायचे. पट पुठ्ठ्याचा, सोंगट्या म्हणजे बाटल्यांची बुचं आणि कोटाची बटणं. आत्ताही दोघं चित्रात डोकं खाली करून बसले होते.

"ही रेघ चुकलीय," वकील म्हणाला. "गोदामाची भिंत बघ. तुझी रेघ इथे आणि भिंत तिथे."

"मी नाही चुकले."

"मग भिंत चुकली का?"

रेघोटी रागाने जवळ गेली. खरंच, गोदामाच्या भिंतीच्या माथ्याची कड तिच्या रेघेपासून बोटभर सुटली होती. पायाचा भाग मात्र बरोबर जुळत होता.

"शटर हललं असेल," पेंगुळ जांभई देत म्हणाला.

"शटर हललं तर सगळंच हलेल ना?" रेघोटी म्हणाली. "खांब बघ. टाकी बघ. सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त भिंत..."

तिने दुसरा खडू उचलला. वकीलही वाद न घालता भिंतीशी येऊन वाकला, आणि असं क्वचितच घडायचं. काल गिरवलेली रेघ लाल खडूची होती. तिने आज निळ्या खडूने नवी रेघ ओढली. दोन रेघांमध्ये भिंतीच्या पायाशी काहीच जागा नव्हती, माथ्याशी मात्र फट पडली होती. भिंत गल्लीच्या बाजूला झुकत होती. आणि तिच्याखाली आजोबा बसले होते.

तिघं धावत त्या भिंतीच्या मागे गेले. तिथल्या रिकाम्या जागेत नवी इमारत बांधायची म्हणून ठेकेदाराने खोल खड्डा खणला होता, आणि निघालेली सगळी माती थेट भिंतीला टेकवून रचली होती. ढीग जवळजवळ भिंतीच्या डोक्याला लागला होता. रेघोटीला तो ढीग एखाद्या धटिंगणासारखा वाटला, खांदा लावून भिंतीला ढकलत असलेला.

"काका, भिंत कलतेय," वकील ठेकेदाराला म्हणाला. "माती काढा ना तिथून."

ठेकेदार खुर्चीत रेलून फोनवर बोलत होता. त्याने भिंतीकडे नुसती मान वळवली. "कलतेय? मला तर सरळ दिसतेय. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आम्ही चित्रात बघितलं."

"चित्रात!" तो खो खो हसला. "जा, घरी जाऊन खेळा. ही भिंत तुमच्या बापाच्या जन्माआधीपासून उभी आहे."

मग ते आजोबांकडे गेले. पण तिथेही पालथ्या घड्यावर पाणी. आजोबांचा आणि शिंपीकाकांचा एक पक्का नियम होता: डाव अर्धा टाकून जो उठेल तो हरला. मागे एकदा शेजारी आग लागल्याची बोंब झाली, तरी दोघं एकमेकांकडे बघत बसून राहिले होते, आधी कोण उठतो म्हणून.

"आजोबा, उठा. भिंत पडेल," रेघोटी काकुळतीला येऊन म्हणाली.

"हे शिंप्याने शिकवलंय तुला," आजोबा पटावरून नजर न काढता म्हणाले. "हरायला आला की याला असल्या युक्त्या सुचतात."

"मी?" शिंपीकाका उसळले. "अहो, पोरं तुमची, युक्ती तुमची. मी नाही उठणार."

वकिलाने हात जोडले, मुद्दे मांडले, उदाहरणं दिली. सगळं वाया गेलं. तेवढ्यात भिंतीपलीकडे ढिगावर आणखी माती ओतल्याचा आवाज आला.

तिघं पुन्हा दुकानात पळाले. दार लागलं, चित्र उमटलं आणि रेघोटी आपल्या रेघांपाशी धावली. भिंतीची कड निळ्या रेघेपासूनही सुटली होती.

"वाद घालून ते उठायचे नाहीत," वकील म्हणाला. वकील असं म्हणाला, म्हणजे वेळ खरोखरच वाईट होती. "राजा पळवायचा. दोन्ही राजे. राजाच नाही तर डाव कसला?"

"आणि मी?" पेंगुळने विचारलं. त्याची झोप साफ उडाली होती.

"तू गल्लीच्या तोंडाशी उभा राहा, कुणाला आत येऊ देऊ नकोस. रेघोटी, तू इथेच थांब. भिंत सरकली की भोकातून ओरड."

दोघं गेले. रेघोटी काळोखात एकटी राहिली. समोर तिची गल्ली शांत, सुंदर, उलटी. निळ्या आकाशात पाखरं पाठीवर उडत होती. त्या सगळ्यात एक लहानसा वकील चित्रात शिरला आणि वरच्या रस्त्यावरून माशीसारखा चालत पटापर्यंत पोचला. त्याचा हात पुढे झाला. पुढच्या क्षणी तो पळत होता.

शिंपीकाका ताडकन उठून त्याच्या मागे धावले. आजोबा उठले नाहीत. ते बसूनच काठी हलवत होते, बहुतेक वकिलाला शिव्या घालत होते.

आणि भिंतीची कड सरकली. रेघोटीच्या डोळ्यांदेखत, मुंगीच्या चालीने, पण सरकली.

ती शटरकडे झेपावली, भोकाला तोंड लावून जिवाच्या आकांताने ओरडली, "आजोबा, तुम्ही जिंकलात! काका उठले!"

ती परत वळली. चित्रात आजोबा उभे राहत होते. जिंकल्याची बातमी सगळ्यांना सांगायला त्यांना गल्लीच्या तोंडाशी जायचं होतं. गुडघा दुखरा, चाल संथ. एक पाऊल, मग काठी, मग दुसरं पाऊल. उलटे आजोबा उलट्या रस्त्यावरून चालले होते आणि त्यांच्या मागे भिंत वाकत होती. रेघोटी त्यांची पावलं मोजू लागली. आजोबा सावलीतून उन्हात आले. अजून थोडं, आजोबा, अजून थोडं, ती पुटपुटत राहिली.

मग विटा पडल्या. खालून वर पडल्या. चित्रात त्या आकाशातून निघाल्या आणि रस्त्याकडे झेपावल्या. बाहेरून जो आवाज आला त्याने शटर थडथडलं. भिंतीवरचं चित्र तांबड्या धुळीने भरून गेलं आणि काही दिसेनासं झालं.

रेघोटी दार उघडून धावली. धुळीत खोकत आजोबा उभे होते, वकिलाने त्यांना घट्ट धरलं होतं. शिंपीकाका मटकन रस्त्यात बसले होते. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शिंपीकाकांनी ठेकेदाराला दंडाला धरून आणलं होतं. "बघा," ते म्हणाले. "लाल रेघ परवाची, निळी कालची. पोरांना भिंत कलताना दिसली. तुम्हाला ती तुमच्या पाठीशी असून दिसली नाही."

ठेकेदाराने खूप वेळ त्या दोन रेघा पाहिल्या. मग मान खाली घालून म्हणाला, "चूक माझीच. मी ऐकायला हवं होतं." उरलेली माती त्याने त्याच सकाळी हलवायला लावली होती. सगळ्या गल्लीने मुलांची पाठ थोपटली, पेंगुळच्या आईने तर तो जागा होता यावरच त्याला शाबासकी दिली.

मग कुणीतरी दार लावलं आणि सगळे भिंतीकडे वळले.

गोदामाची भिंत आता चित्रात नव्हती. ती होती तिथून पलीकडचं सगळं आत आलं होतं. मोकळं मैदान, त्यामागची झाडांची रांग आणि लांबवरचं तळं, उलटं, उन्हात लखलखणारं. इतक्या वर्षांत या गल्लीतून ते तळं कुणाला दिसलं नव्हतं. शिंपीकाका हात जोडून बघत राहिले.

आजोबांनी काळोखात चाचपडत रेघोटीचा हात धरला. त्यांनी तो सोडलाच नाही.

"घाबरलात, आजोबा?"

"काल नव्हतो घाबरलो. आज घाबरलोय." त्यांनी चित्रातल्या विटांच्या ढिगाकडे बोट केलं. "तिथे माझी खुर्ची होती. हे तळं बघायला मी उरलो, बाळा, तो तुझ्यामुळे."

रेघोटी सरकून जवळ आली. ती त्यांना चिकटून बसली. बाहेर ऊन उतरेपर्यंत, तळं भिंतीवरून पुसट होत जाईपर्यंत, दोघं तसेच बसून राहिले.