ओरणाकडचं फाटक

सरका जवळ, पोरांनो. आणि ते मोबाइलचे दिवे आधी बंद करा. अंधार पडला की बाहेर उजेड करायचा नाही, हरणं बुजतात, असं इथं उतरणाऱ्या पाहुण्यांना दिवसभर बजावता आणि स्वतः मात्र... असो.

साहीरामला मी तो लंगोटात होता तेव्हापासून ओळखतो. खोटं बोलायला जी अक्कल लागते ती देवानं त्याला दिलेलीच नाही. म्हणून सांगतो.

फाल्गुनातली अमावस्या होती. अख्खी ढाणी, म्हणजे आपली ही सगळी वस्ती, मुकाम गावी बिश्नोईंच्या जत्रेला निघालेली. स्वयंपाकी, माळी, मी, सगळे. साहीराम तेवढा मागं राहिला, कारण शेवटच्या दोन पाहुण्यांना फलोदीच्या स्टेशनावर सोडायचं होतं. त्याचा मुलगा किसना आजीबरोबर ट्रॅक्टरवर चढला आणि वरून म्हणाला, "बापू, बहिणीला रात्री आत घेशील ना?"

"घेईन रे. तू आजीचा हात सोडू नकोस."

बहीण म्हणजे चांदा, चिंकारा हरणी. तिच्या आईला कुत्र्यांनी फाडलं, तेव्हा साहीरामच्या बायकोनं, सुगणीनं, तिला पदराखाली घेतलं होतं. एका बाजूला किसना, दुसऱ्या बाजूला चांदा. त्यात नवल काही नाही, आपल्या बिश्नोई बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्यात. मोठी झाल्यावर चांदा ओरणात, मागच्या देवाच्या राखीव रानात, राहायला गेली, पण कुत्री मागं लागली की मागच्या फाटकातून थेट सुगणीच्या झोपडीशी यायची. आदल्या वर्षी सुगणी काविळीनं गेली. जाताना एवढंच म्हणाली, "फाटक लावू नका."

साहीरामनं वर्षभर लावलं नाही. तिची झोपडी पाहुण्यांना दिली नाही. खुंटीवरची तिची केशरी ओढणी धुतलीसुद्धा नाही, वास जाईल म्हणून. बायकोवर जीव टाकणारे पुष्कळ पाहिले, पण हा वेडाच. आणि त्या वेडापायीच घात झाला. सुगणीनं लावलेल्या रोहिड्याच्या झाडाला पहिल्यांदा कळ्या आल्या होत्या, आणि हरणं येऊन डहाळ्या ओरबाडत होती. तिच्या हातचं फूल एकदा तरी बघायचं, म्हणून त्यानं फाटकाला साखळी घातली. चार दिवसांपुरती, आणि तीही फक्त दिवसा.

त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या घाईत साखळी काढायची राहून गेली. गाडीनंही उशीर केला. साहीराम परतला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. जीप बंद केली, तर मागून कुत्र्यांचं गुरगुरणं. तो काठी घेऊन धावला. कुत्री पळाली.

फाटकाच्या तारेत चांदा अडकली होती. मान वळलेली. अंग अजून कोमट होतं.

तो तिथंच खाली बसला. "मला माफ कर गं," म्हणाला. कुणाला म्हणाला, त्याचं त्याला ठाऊक नाही. तिला तारेतून सोडवताना त्याचा हात ओला झाला. आधी वाटलं, रक्त. बॅटरी लावून पाहिलं.

दूध होतं.

म्हणजे पाडस होतं. नुकतंच जन्मलेलं, बाहेर कुठंतरी झुडपाखाली आई येईल म्हणून गप्प पडलेलं. थंडी मी म्हणत होती. कुत्री लांब गेली नव्हती.

त्यानं साखळी काढली. फाटक उघडं राहावं म्हणून सुगणी लावायची तोच दगड त्याला लावला आणि ओरणात शिरला. केरची काटेरी झुडपं धुंडाळली, खेजडीच्या झाडांच्या बुंध्याशी पाहिलं. पाडस नाही. बॅटरी पिवळी पडली, मग विझली. तो अंधारात उभा राहिला आणि पोरासारखा रडला. किसनाला काय सांगू, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात...

"आ... आ... ये गं, ये..."

हळू. जीभ टाळ्याला लावून. सुगणी अशीच बोलवायची.

आवाज मागून आला. घराकडून.

तो वळला. गवतातून काहीतरी लहानसं त्याच्या पायाला घासून गेलं. फाटकाकडे.

तोही गेला. फाटक ओलांडलं. रोहिडा ओलांडला. झोपडीचं दार लोटलेलं होतं.

आत चुळचुळ. मग...

चुक्‌... चुक्‌... चुक्‌...

दूध ओढल्याचा आवाज.

"सुगणी?"

आवाज थांबला.

साहीराम सांगतो, तेवढं थांबणं आयुष्यात कधी सोसलं नाही. एक पाऊल आत टाकलं असतं तर... नाही टाकलं. दाराशी बसला. उंबऱ्यावर डोकं टेकलं. "मी येत नाही आत," म्हणाला. "तू पाज तिला."

बराच वेळ काही नाही.

मग पुन्हा... चुक्‌... चुक्‌...

उजाडल्यावर तो आत गेला. खाटेवर पाडस एकटंच झोपलेलं. पोट टम्म. तोंडाला फेस. ढाणीत दुसरी बाई नव्हती आणि आमची गाय तेव्हा आटलेली होती.

आम्ही जत्रेहून परतलो तेव्हा तो चांदाला पुरून माती सारखी करत होता, सुगणीच्या शेजारी; आपल्यात माणसालाही पुरतातच. सगळं सांगितलं त्यानं किसनाला, साखळीसकट. पोरगं रडलं, बापाला ढकललं, मग धावत झोपडीत गेलं. आम्ही त्याच्यामागं.

केशरी ओढणी खुंटीवरच होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. किसनानं तिच्यात तोंड खुपसलं आणि तसाच राहिला.

"बापू," तो म्हणाला, "ओली आहे. दुधाचा वास येतोय."

मी हात लावला, पोरांनो. ओली होती. आणि कोमट.