ऊन मोजायला आलेली

लाईट गेली तेव्हा तिचं तोंड उघडंच होतं. दाढेवर फिरणारं यंत्र घरघरत थांबलं आणि दातांच्या डॉक्टरने शांतपणे मास्क खाली केला.

"झालं! आता दोन तास तरी येत नाही."

"आँ?" अर्धा जबडा बधिर, याहून जास्त तिला बोलताच येईना.

"इन्व्हर्टरचं विचारताय? त्यालाही चार्ज व्हायला लाईट लागते हो. इथे तेवढीही टिकत नाही."

तो हसला... आणि खिडकीतून आलेलं भरदुपारचं ऊन त्याच्या डोळ्यांत उतरलं. बाहेर बघावं तिकडे ऊन — पांढरंशुभ्र, ऐसपैस! आणि आत पंखा फिरत नव्हता. ती आली होती त्याचसाठी. सौरऊर्जा प्रकल्पांत गुंतवणूक करणाऱ्या कंपनीची ती इंजिनिअर. सहा आठवडे या भागातलं ऊन मोजायचं, जमीन पाहायची आणि इथे प्रकल्प उभारावा की नाही ते कळवायचं. दाढेने मात्र पहिल्याच आठवड्यात दगा दिला.

दवाखान्याचा कारभार त्याच्या आईच्या हाती. तिने थोडा वेळ वर्तमानपत्राने दोघांनाही वारा घातला आणि "बसा बोलत" म्हणून निघून गेली. लाईट आली नाहीच. त्याने दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं. "परवा या."

परवाही तीच गत. मग तोच म्हणाला, "ऊन कसं मोजतात, ते तरी दाखवा."

माळावर तिचं यंत्र होतं — तिवईवर काचेचा छोटासा घुमट. तो वाकून बघत राहिला... तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर. वारा सुटला होता. तिचे केस सारखे त्याच्या गालाला लागत होते.

"किती आहे आज?"

"भरपूर. डोळे दिपतील इतकं."

"ते मला कळतंय," तो म्हणाला. यंत्राकडे न बघता.

त्या दिवशीचा आकडा लिहायचा राहूनच गेला.

दाढ चौथ्या खेपेला एकदाची भरून झाली. दवाखान्यात जायला कारण उरलं नाही. ती जातच राहिली.

पाचव्या आठवड्यात तिच्या साहेबांचा फोन आला. प्रकल्प मंजूर होण्यासारखा होता. पण वीज सगळी लांबच्या शहराला जाणार. तिथे कारखाने, खात्रीचे ग्राहक. तिने हे डॉक्टरला सांगितलं.

"म्हणजे ऊन आमचं आणि दिवे त्यांचे?"

"मी फक्त अहवाल लिहिते हो..."

"मग लिहा ना."

त्याचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच तिला जास्त लागलं.

त्यानंतर आठ दिवस ती तिकडे फिरकली नाही. दारोदार हिंडली — पिठाची गिरणी, बर्फाचा कारखाना, शाळा, प्रसूतिगृह. कुणाला किती वीज लागते, लिहून घेतलं. डिझेल जाळून सगळेच वैतागले होते. भरवशाची वीज मिळाली तर दहा वर्षांचा करार करायला एका पायावर तयार! कागद पुढे ठेवून तिने साहेबांशी फोनवर तासभर हुज्जत घातली.

"ठीक आहे," साहेब शेवटी नमले. "निम्मी वीज गावाला. पण उभारणी बघायला दोन वर्षं तिथे राहणार कोण?"

"मी," ती म्हणाली... आणि स्वतःच दचकली.

ती तडक दवाखान्यात गेली. त्याची आई एकटीच होती.

"अगं, माळावर गेलाय. आठ दिवस रोज जातोय. विचारलं तर म्हणतो, हवा खायला!"

संध्याकाळ उतरत होती. माळ सोनेरी झाला होता आणि तो पाठमोरा उभा होता, हात खिशात घालून. तिने धापा टाकतच सगळं सांगितलं. गिरणीचं, बर्फाचं, साहेबांचं...

"दोन वर्षं?" त्याने हळूच विचारलं.

"कमीत कमी."

"आणि मग?"

"मग कंपनी बोलावेल परत..."

तो जवळ आला. तिच्या केसांत अडकलेली गवताची काडी काढायला हात उचलला आणि तिथेच थबकला.

"तुम्ही... म्हणजे तू — जाऊ नकोस."

वारा पडला.

"पुन्हा म्हणा."

"जाऊ नकोस."

"ते नव्हे. त्याच्या आधीचं."

तो गोंधळला. आठवू लागला. मग हसून, अगदी तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "तू..."